अधिकारवाणीचे शब्द

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर एखाद्या संध्याकाळीं बसून राहावें. अकोल्याकडून येणारी गाडी उशिरानें धांवत असते, परभणीकडे जाणारी अद्याप लागलेली नसते, आणि ध्वनिक्षेपकांतून एक अनाम आवाज गाड्यांच्या वेळा सांगत असतो. या सांगण्यास आपल्या शिष्ट मराठींत ‘उद्घोषणा’ म्हणतात. परवां माझ्या शेजारीं बसलेल्या एका शाळकरी मुलानें आपल्या वडिलांस विचारलें, “बाबा, आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत राष्ट्रपति आणीबाणीची उद्घोषणा करतात असें लिहिलें आहे. ती अशीच करतात का?” वडील हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

मुलाचा प्रश्न बाळबोध होता, पण चुकीचा नव्हता. २५ जून १९७५ च्या रात्रीं राष्ट्रपतींच्या सहीनें जी उद्घोषणा झाली, तिनें साऱ्या देशांतील नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर गदा आली. फलाटावरील उद्घोषणेनें फार तर चहाचा आणखी एक पेला घेणें भाग पडतें. इंग्रजींत या दोहोंस दोन निराळे शब्द आहेत. पहिलीस प्रोक्लमेशन म्हणतात, दुसरीस अनाउन्समेंट. पहिली बांधते, दुसरी कळविते. आपण मराठींत दोघींस एकाच डब्यांत बसविलें आहे.

इंग्रजींतील असे अधिकारवाणीचे शब्द मोजूं लागलों तर दोन्ही हातांचीं बोटें पुरत नाहींत. प्रोक्लमेशन, डिक्लेरेशन, एडिक्ट, डिक्री, ऑर्डिनन्स, नोटिफिकेशन, रेझोल्यूशन, सर्क्युलर, मॅनिफेस्टो, मँडेट, व्हर्डिक्ट, अवॉर्ड, ॲफिडेव्हिट, अशी ही लांबलचक पंगत आहे, आणि तींत प्रत्येकाचें पान ठरलेलें आहे. हे शब्द आतां केवळ वकिलांचे राहिले नाहींत. ते टपालानें, वर्तमानपत्रानें आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. यास्तव त्यांची ओळख करून घेणें ही पांडित्याची हौस नसून संसाराची गरज आहे, असें मला वाटतें. तसें कां वाटतें, तें पुढें येईलच.

फर्मान आणि गश्ती

पूर्णेच्या जुन्या कुटुंबांस अधिकारवाणी प्रथम इंग्रजींत ऐकूं आली नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. १८८४ च्या सुमारास तेथील राज्यकारभाराची भाषा फारसीची उर्दू झाली, आणि मराठी बोलणाऱ्या प्रजेस आपल्या सुखदुःखाचे निर्णय उर्दूंत समजून घेणें भाग पडलें. माझे आजोबा पोथी देवनागरींत वाचीत, जमाखर्च मोडींत लिहीत आणि कचेरींत अर्ज उर्दूंत देत. त्यांच्या तोंडीं फर्मान, जरीदा, गश्ती, कैफियत, मुचलका हे शब्द इतके सहज येत कीं, लहानपणीं आम्हांस ते मराठीच वाटत.

यांपैकीं फर्मान फक्त राजाचें. दिवाणानें काढला तर तो हुकूम, फर्मान नव्हे. या शब्दाचें कुळ पाहिलें तर मौज वाटते. प्राचीन इराणांत डॅरियस राजाच्या शिलालेखांत तो ‘फ्रमाना’ या रूपानें आढळतो, आणि आपला संस्कृत ‘प्रमाण’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. उपसर्ग तोच, धातूहि तोच. एका भावानें राजाची आज्ञा हा अर्थ घेतला, दुसऱ्यानें ज्ञानाची कसोटी हा. म्हणजे ज्या शब्दास आपण परका समजून सोंवळ्याबाहेर ठेवितों, तो घरचाच निघाला.

आजोबा दोन फर्मानांची हकीकत नेहमीं एकापाठोपाठ सांगत. १९४७ च्या जून महिन्यांत निजाम मीर उस्मान अली खान यांनीं फर्मान काढलें कीं, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र सत्ताधीश होऊं. पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें १३ तारखेस भारतीय सैन्य आंत आलें आणि १७ तारखेस सारें संपलें. त्यानंतर १९४९ च्या नोव्हेंबरांत त्याच निजामाचें दुसरें फर्मान निघालें, आणि भारताची राज्यघटना हैदराबादेस लागू राहील हें त्यानें मान्य केलें. दोन्ही वेळां शब्द ‘फर्मान’ हाच होता आणि सही करणाराहि तोच होता. तथापि पहिलें फर्मान सव्वा वर्षांत विरून गेलें आणि दुसरें टिकलें. आजोबा म्हणत, “शब्दांत जोर नसतो रे बाळ, शब्दामागें कोण उभें आहे त्यांत असतो.”

गश्ती हा शब्द दिसावयास गरीब, पण त्यानें या भागास फार जाचलें. फारसींत ‘गश्त’ म्हणजे फिरणें. रात्रीची गस्त घालणारा शिपाई तोच शब्द घेऊन फिरतो. एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत फिरणारा कागद ती गश्ती. इंग्रजींत यास सर्क्युलर म्हणतात. त्यांतहि वर्तुळाकार फिरणेंच आहे. आपण परिपत्रक म्हणतों. त्यांतील ‘परि’ म्हणजे सभोंवार. तीन भाषांनीं एकच चित्र पाहिलें. परंतु १९२९ च्या सुमाराची ‘गश्ती निशान ५३’ ही केवळ कचेऱ्यांतून फिरली नाहीं. सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून जाहीर सभा भरविण्यास तिनें बंदी केली. कायदेमंडळानें केलेला कायदा नव्हे, राजाचें फर्मानहि नव्हे. एक साधें परिपत्रक, आणि त्यानें लाखों लोकांचीं तोंडें बंद केलीं. अशा दिवसांतच १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. परतूर तेव्हां आपल्या परभणी जिल्ह्यांतच होतें. या गोष्टीवरून इतकें शिकावें कीं, नांवानें लहान असलेला कागद परिणामानें लहान असतोच असें नाहीं.

शब्दांचीं मुळें

आतां इंग्रजी शब्दांकडे वळूं. त्यांतील बहुतेक लॅटिनमधून आलेले आहेत, आणि त्यांचीं मुळें उकलून पाहिलीं कीं प्रत्येकाचा स्वभाव कळतो.

प्रोक्लमेशनच्या मुळाशीं लोकांसमोर ओरडून सांगणें आहे. म्हणजे आपली दवंडीच. हलगी वाजवून चव्हाट्यावर सांगणारा माणूस गेला, पण शब्दांत तो अद्यापि उभा आहे. एडिक्ट म्हणजे बाहेर बोललेलें, सत्ताधाऱ्याच्या मुखांतून सुटलेलें. अशोकाच्या शिलालेखांस इंग्रज पंडितांनीं हाच शब्द लावला. अशोकाचे असे लेख आपल्याकडे सोपाऱ्यास आणि जुन्या निजामी राज्यांतील मस्की येथें सांपडले आहेत. डिक्लेरेशनच्या मुळाशीं ‘स्पष्ट करणें’ हा अर्थ आहे. जें मनांत वा अंधारांत होतें तें उजेडांत आणून ठेवणें. मॅनिफेस्टोच्या मुळाशीं उघड, प्रकट असा अर्थ आहे, आणि अरबी ‘जाहिर’ शब्दाचा अर्थहि नेमका तोच. तेव्हां मॅनिफेस्टोस जाहीरनामा म्हणणाऱ्यानें फार चांगलें भाषांतर केलें.

मात्र या जाहीरनाम्याचें भाग्य कसें फिरलें पाहा. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंग यांनीं वाचून दाखविलेला तो राणीचा जाहीरनामा. त्यानें कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें. आज जाहीरनामा म्हटला कीं निवडणुकीपूर्वीं पक्षांनीं दिलेलीं आश्वासनें डोळ्यांपुढें येतात. एके काळीं जो शब्द आज्ञा करी, तो आतां विनवणी करतो.

दुसरा गट निर्णयाचा. व्हर्डिक्ट म्हणजे खरें बोललेलें. डिक्री म्हणजे निवडून, वेगळें काढून ठरविलेलें. दिवाणी न्यायालयांत आपण तिला हुकूमनामा म्हणतों. अवॉर्ड हा शब्द ऐकून पारितोषिकच आठवूं नये. लवादाचा किंवा भूसंपादनांतील अवॉर्ड म्हणजे निवाडा. मँडेट या शब्दाच्या मुळाशीं ‘हातांत देणें’ आहे. तिसरा गट स्वतःस बांधून घेण्याचा. ॲफिडेव्हिट हें लॅटिनमधलें अख्खें वाक्यच आहे. ‘त्यानें शपथ घेतली आहे’ असा त्याचा अर्थ. म्हणून त्यास शपथपत्र किंवा प्रतिज्ञापत्र म्हणतात.

अर्थ घसरण्याचा दोष एकट्या मराठीचा नव्हे, पण आपल्याकडील एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. ‘फतवा’ म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रांतील जाणकारानें विचारलेल्या प्रश्नावर दिलेलें मत. तें न्यायाधीशाच्या हुकुमासारखें नव्हे. आपण मात्र वरिष्ठानें काढलेल्या कोणत्याहि जुलमी आदेशास फतवा म्हणून मोकळे होतों. अशा वेळीं शब्दाचाहि अन्याय होतो आणि तो ज्यांचा आहे त्यांचाहि.

कोशकारांचा उद्योग

या शब्दांस मराठी रूप देण्याची खटपट जुनी आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार झाला, आणि दरबारांतील तेराशेंहून अधिक यावनी शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पुढें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतिपर ग्रंथास ‘आज्ञापत्र’ हेंच नांव पडलें. इंग्रजी अमदानींत मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. बडोद्यास सयाजीरावमहाराजांनीं राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘शासनशब्दकल्पतरु’ १९३१ सालीं प्रसिद्ध करविला, आणि एका इंग्रजी शब्दापुढें अनेक देशी भाषांतील प्रतिशब्द मांडले. निजामानें १९१७ सालीं उस्मानिया विद्यापीठाची योजना मंजूर केल्यावर हैदराबादेस भाषांतरासाठीं स्वतंत्र खातें उघडलें, आणि तेथें शास्त्रांचे इंग्रजी शब्द उर्दूंत आणण्याचा मोठा उद्योग झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झालें आणि १९६४ सालीं राजभाषेचा कायदा झाला. अध्यादेश, अधिसूचना, परिपत्रक, राजपत्र हे शब्द मराठवाड्याच्या कचेऱ्यांत रुळले ते यानंतरच.

म्हणजे एका पूर्णा गांवांत तीन पिढ्यांनीं एकाच कागदास तीन नांवांनीं ओळखलें. आजोबांचा जरीदा, वडिलांचें गॅझेट, आमचें राजपत्र. नांवें बदलत गेलीं तशी प्रत्येक पिढी थोडी थोडी अडखळली. त्या अडखळण्याची एक गोष्ट आमच्या घरांत घडली.

आत्याबाईंची सही

माझ्या आत्याबाई पूर्णेसच राहत. यजमान गेल्यावर त्यांच्या नांवावरील कांहीं रक्कम मिळावयाची होती. एका कचेरींतून इंग्रजींत छापलेला कागद आला. माथ्यावर शब्द होता डिक्लेरेशन. कागद घेऊन येणारा गृहस्थ म्हणाला, “नुसती माहिती द्यायची आहे, आजी. इथें सही करा.” आत्याबाईंनीं सही केली. रक्कम मिळाली आणि कागद सारेजण विसरून गेले.

चार वर्षांनीं घराच्या नोंदींत मुलीचें नांव लावावें असें आत्याबाईंच्या मनांत आलें. मुलगी एकुलती एक, लग्न होऊन नांदेडला दिलेली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवेइतकाच मुलीचा वारसा पहिल्या वर्गाचा आहे. तिचें लग्न झालें म्हणून तो सुटत नाहीं. पण चौकशींत तो जुना कागद पुढें आला. त्यांत स्पष्ट छापलें होतें कीं, सही करणारीवांचून मृताचा दुसरा कोणीहि वारस नाहीं.

मीं त्यांस विचारलें, “आत्याबाई, सही करण्यापूर्वीं कोणाकडून वाचून कां नाहीं घेतलें?”

“अरे, माहिती द्यायची म्हणाले. माहिती देण्यांत काय बिघडतें?”

पुढें दोन वर्षें हेलपाटे झाले. प्रतिज्ञापत्रें झालीं, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस झाली, आणि शेवटीं नोंद दुरुस्त झाली. पैशाचा खर्च विसरतां येतो. परंतु त्या दिवशीं कागदाची प्रत हातांत घेऊन मुलीनें आईकडे पाहिलें आणि म्हटलें, “आई, तूं मला मोजलींसच नाहींस?” तेव्हां आत्याबाईंस जें वाटलें असेल, तें कोणत्याहि कचेरींत दुरुस्त होण्यासारखें नव्हतें. त्यांनीं मुलीस वगळलें नव्हतें. त्यांना डिक्लेरेशन म्हणजे काय हें कोणीं सांगितलें नव्हतें, एवढेंच. माहिती चुकली तर ती सुधारतां येते. डिक्लेरेशन हें आपलें प्रतिज्ञापूर्वक केलेलें कथन असतें, आणि तें आपल्यावरच साक्षी होऊन उभें राहतें.

अध्यादेश कीं अधिसूचना?

एका घरांत जें घडलें तें साऱ्या समाजांतहि घडतें. २६ जानेवारी २०२४ रोजीं राज्य शासनानें जातप्रमाणपत्राच्या नियमांत बदल सुचविणारी मसुदा-अधिसूचना काढली आणि तीवर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागविल्या. त्या दिवसांत गांवोगांवीं, आणि कित्येक वर्तमानपत्रांतहि, ‘अध्यादेश निघाला’ असेंच बोललें गेलें. मूळ प्रश्नाच्या गुणावगुणांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. पण दोन शब्दांतील अंतर मोठें आहे. अध्यादेश म्हणजे ऑर्डिनन्स. विधिमंडळाचें अधिवेशन चालू नसतांना राज्यपाल तो काढतात, त्यास कायद्याचें बळ असतें, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत संमति न मिळाली तर तो संपतो. मसुदा-अधिसूचना म्हणजे ‘आम्ही असें करूं पाहतों, तुमचें म्हणणें काय?’ असा प्रश्न. एकांत निर्णय आहे, दुसऱ्यांत विचारणा. जो विचारणेस निर्णय समजला, तो हरकत घेण्याची मुदत हातची घालवून बसतो. आणि जो तींत आपली जीत पाहतो, तो वेळेआधींच गुलाल उधळतो.

असाच घोटाळा गॅझेट आणि गॅझेटियर यांचा. गॅझेट म्हणजे राजपत्र. त्यांत छापलें म्हणजे सरकार बोललें. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या भूगोलाचें, इतिहासाचें, लोकसंख्येचें वर्णन करणारा ग्रंथ. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर मराठवाड्यांतील घरोघरीं हैदराबादच्या नांवाशीं जोडून हे दोन्ही शब्द एकाच अर्थानें फिरूं लागले. एक आज्ञेचें पुस्तक आहे, दुसरें माहितीचें. दोहोंचें वजन निराळें आहे.

शेतकरी कुटुंबांस तर हा भेद पाठच असावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत तीन पायऱ्या आहेत. प्रथम प्रारंभिक अधिसूचना. तीवर ६० दिवसांत हरकत घेतां येते. मग डिक्लेरेशन, म्हणजे ही जमीन घेणार असें सरकारचें निश्चित कथन. शेवटीं अवॉर्ड, म्हणजे मोबदल्याचा निवाडा. तिन्हींस ‘सरकारची नोटीस आली’ असें एकच नांव देऊन जो कागद फडताळांत ठेवितो, त्याचे ६० दिवस फडताळांतच संपतात.

मीमांसकांची कसोटी

या सर्वांवर उपाय काय? प्रत्येकानें इंग्रजी कोश पाठ करावा असें मी म्हणत नाहीं. आपल्याच घरांत एक जुनी कसोटी पडून आहे. पूर्वमीमांसेच्या आचार्यांपुढेंहि हाच प्रश्न होता: वेदांतील इतक्या वाक्यांपैकीं कोणतें वाक्य मला बांधतें? त्यांनीं वेदवाक्यांचे विधि, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पांच भाग पाडले. ‘हें करावें’ असें सांगणारा तो विधि. ‘हें करूं नये’ तो निषेध. अमुक देव फार शीघ्रगामी आहे असें जें वाक्य सांगतें तें आज्ञा नव्हे. तो अर्थवाद, म्हणजे मन वळविण्यासाठीं केलेली स्तुति. अर्थवाद टाकाऊ नाहीं, पण तो एकटा कोणास बांधीत नाहीं.

सरकारच्या, पक्षाच्या किंवा पेढीच्या कागदास हीच चाळणी लावावी. व्यासपीठावरील घोषणा बहुधा अर्थवाद असते. मग शोधावें कीं, हिच्यामागें विधि कोठें आहे? शासननिर्णय निघाला का? अधिसूचना अंतिम आहे कीं मसुदा? मीमांसकांनीं विधीचेहि चार प्रकार केले आहेत, आणि त्यांतून आपल्यापुरते चार प्रश्न सहज निघतात. नेमकें काय करावयास सांगितलें आहे? त्यास कोणकोणतीं साधनें आणि कागद लागतील? कोणत्या क्रमानें आणि केव्हांपर्यंत? आणि याचा अधिकारी कोण, म्हणजे फळ कोणास आणि बंधन कोणावर? या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत कागदावर आनंद करूं नये, भिऊं नये, आणि सही तर मुळींच करूं नये.

आपली भाषा या बाबतींत दरिद्री नाहीं. स्टेटमेंटला आपण ‘विधान’ म्हणतों, आणि विधान व विधि हे एकाच धातूपासून आलेले आहेत. जणूं मराठी आपल्याला बजावते कीं, केलेलें विधान हें नुसतें बोलणें नाहीं, त्यांत बांधून घेणें आहे. शब्द पुष्कळ आहेत. ते एकमेकांच्या जागीं न बसवितां ज्याचे त्याच्या जागीं बसविण्याचें काम मात्र आपलें आहे. घरांतील मुलांस पाढे शिकवितों, तसे हे आठ-दहा शब्दहि एकदां जेवणाच्या पंगतींत शिकवावे.

आत्याबाई आतां नाहींत. त्यांची मुलगी सणावारीं पूर्णेस येते. मागल्या दिवाळींत तिच्या नातवानें शाळेंतून आणलेला एक छापील कागद तिच्यापुढें सहीसाठीं धरला. तिनें चष्मा लावला, माथ्यावरचा शब्द पाहिला आणि म्हणाली, “थांब राजा. आधीं हें काय आहे तें मला वाचून दाखव.” मुलगा कंटाळला, पण त्यानें पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें. मग तिनें सही केली.